प्रिन्सेस स्ट्रीट आणि ‘सगळ्यांना मिळालेली’ घरं

‘प्लेगनंतर इंग्रजांनी मुंबईतल्या दाट वस्त्या पाडल्या आणि उठवलेल्यांना बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळींत खोल्या दिल्या,’ असं अजून सांगितलं जातं. अर्धंच खरं. 1896च्या प्लेगनंतर 1898मध्ये शहर सुधारण्यासाठी हा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. समुद्राचा वारा आत खेळावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड गर्दीतून आरपार काढले. रोग मात्र उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता; वारा बिचारा काय करणार! चाळी बांधल्या, पण पाडापाडी आधी, बांधकाम मागून. काम जवळ हवं, भाडं परवडायला हवं. म्हणून कित्येक उठवलेली कुटुंबं शेजारच्याच, आधीच खचाखच भरलेल्या घरांत शिरली. म्हणजे दाटी हटली नाही, गल्ली ओलांडून पलीकडे गेली.