लिनक्सवर गेम इन्स्टॉल करणं आणि सांभाळणं

लिनक्सवर गेम चालत नाहीत हे एके काळी अगदी खरं होतं, आता अर्धवट खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचं कारण बऱ्याचदा लिनक्स नसतंच, ते पुढे येईल. उबंटू, मिंट, फेडोरा, आर्च अशा कुठल्याही डेस्कटॉप डिस्ट्रोवर (म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीवर) आज गेम टाकणं म्हणजे चार-पाच क्लिकचं काम आहे. खरी डोकेदुखी सुरू होते ती नंतर, कारण गेम यायला वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेने आलेला गेम आपलं सामान वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवतो. कुठला गेम कुठून आणला एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे प्रॉब्लेम येतच नाहीत.

इतिहास थोडक्यात. डूम हा गाजलेला शूटिंग गेम 1994 मध्येच लिनक्सवर आला होता. 1998 साली लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली, विंडोजचे गेम लिनक्ससाठी पोर्ट करून, म्हणजे लिनक्सवर चालतील असे बदलून, विकायचे हाच तिचा धंदा, आणि 2002 च्या सुरुवातीला ती बंद पण पडली. लोकीत काम केलेल्या सॅम लँटिंगाने लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी (गेमसाठी चित्र, आवाज, कीबोर्ड सांभाळणारा तयार कोड) मात्र आजही असंख्य गेमच्या पोटात बसलेली आहे. मग बरीच वर्षं शांतता. फेब्रुवारी 2013 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम हे आपलं गेमचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर अधिकृतपणे आणलं, 2015 मध्ये स्टीम मशीन नावाचे डबे बाजारात आले आणि कोणी फारसे घेतले नाहीत. चित्र पालटलं ते ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं व्हॉल्व्हचं पॅकेज, आल्यावर, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं गेमिंग यंत्र विकायला आल्यावर तर गेम कंपन्यांनाही लिनक्सकडे बघावं लागलं, कारण त्या यंत्रात आर्चवर आधारलेलं लिनक्सच आहे.

आता वाटा. सगळ्यात जुनी म्हणजे डिस्ट्रोची स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे त्याचं प्रोग्रामचं कोठार. सुपरटक्सकार्ट, बॅटल फॉर वेसनॉथ, 0 ए.डी., ओपनटीटीडी हे सगळे तिथे फुकट मिळतात, सिस्टिम अपडेट झाली की तेही अपडेट होतात, काढायचे तर पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम टाकणारं-काढणारं टूल) नीट काढतो. डेबियन घराण्यात हे प्रोग्राम यूएसआर या सिस्टिम फोल्डरच्या आतल्या गेम्स नावाच्या खास फोल्डरमध्ये जातात आणि तो फोल्डर साध्या युजरच्या पाथमध्ये (प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत) असतो, रूटच्या नसतो, म्हणजे ॲडमिन होऊन गेम खेळू नका असं सिस्टिमच सुचवते म्हणा ना. इथे एक गोष्ट नवख्यांना कळत नाही, ती म्हणजे इंजिन, म्हणजे गेम चालवणारा कोड, ओपन सोर्स (सगळ्यांना खुलं) असलं म्हणून गेम ओपन सोर्स होत नाही. डूमचा कोड कधीच खुला झालाय पण त्यातले नकाशे, चित्रं, आवाज अजून मालकीचेच आहेत, त्यामुळे रिपॉझिटरीतून इंजिन टाकलं तरी डेटा फाइल स्वतःच्या विकत घेतलेल्या कॉपीतून आणावी लागते, नाहीतर फ्रीडूमसारखा मोकळा डेटा वापरावा लागतो. रिपॉझिटरीची खोड एकच, स्टेबल, म्हणजे व्हर्जन सहसा न बदलणाऱ्या, डिस्ट्रोत गेमची व्हर्जन जुनी असते आणि ऑनलाइन खेळायला गेलं की सर्व्हर म्हणतो तुझी व्हर्जन जुळत नाही.

त्यावर उपाय म्हणून फ्लॅटपॅक, डिस्ट्रोपासून स्वतंत्र असलेलं पॅकेज. फ्लॅटहब या त्याच्या साइटवर ताजी व्हर्जन मिळते आणि डिस्ट्रो कुठलाही असला तरी चालतं. पण फ्लॅटपॅक सँडबॉक्समध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कुंपणात) चालतो, त्यामुळे गेमसाठी वेगळी डिस्क लावली असेल तर ॲपला ती दिसतच नाही, आधी फ्लॅटसील या परवानग्यांच्या ॲपमधून परवानगी द्यावी लागते. सेव्ह (खेळ कुठवर आला त्याच्या फाइल) आणि सेटिंग होम फोल्डरमधल्या लपलेल्या व्हार फोल्डरात जातात, आणि तोच गेम आधी रिपॉझिटरीतून टाकलेला असेल तर जुने सेव्ह दिसत नाहीत म्हणून लोक घाबरतात. सेव्ह कुठे जात नाहीत, ते दुसऱ्या फोल्डरात असतात, बस. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांना अजून एक ताप आहे. सिस्टिमचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) अपडेट झाला आणि फ्लॅटपॅकमधला ड्रायव्हरचा भाग त्याच व्हर्जनला आला नाही तर काल मस्त चालणारा गेम आज सुरूच होत नाही किंवा रखडत चालतो, अशा वेळी फ्लॅटपॅक अपडेट करून मशीन रिस्टार्ट केलं की बहुतेकदा भागतं. एएमडी आणि इंटेलच्या कार्डला मेसा हा खुला ड्रायव्हर असतो, तिथे हा त्रास फारसा नाही.

तिसरी वाट स्टीम, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांसाठी हीच मुख्य. स्टीमला आणि बऱ्याच जुन्या गेमना 32 बिट (जुन्या पद्धतीच्या) लायब्ररी लागतात, या एका गोष्टीने बरंच महाभारत घडवलंय. जून 2019 मध्ये उबंटूने 32 बिट पॅकेजेस बंद करायचं जाहीर केलं, व्हॉल्व्हकडून उत्तर आलं की मग पुढच्या उबंटूला आमचा सपोर्ट नाही, आणि काही दिवसांतच उबंटूने निर्णय फिरवला. नोव्हेंबर 2021 मध्ये पॉप ओएस या डिस्ट्रोवर याहून गमतीशीर प्रकार झाला. पॅकेजच्या गोंधळामुळे स्टीम टाकायला गेलं की अख्खा डेस्कटॉप काढून टाकायचा प्रस्ताव येत होता, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) इशारा देऊन वर ‘मी सांगतो तसं कर’ अशा अर्थाचं वाक्य टाइप करायला लावत होतं, आणि एका प्रसिद्ध यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर ते टाइप केलं. डेस्कटॉप गेला. तेव्हा टर्मिनल जे काय छापतं त्यातली ‘खालील पॅकेजेस काढली जातील’ ही यादी तरी वाचायचीच.

स्टीमवर नसलेले गेम, म्हणजे एपिक, गॉग, ॲमेझॉन या दुकानांतले, हिरोइक लाँचरमधून येतात. ल्यूट्रिस तर जुने सीडीवरचे गेम आणि एम्युलेटरसुद्धा (जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्राम) एका जागी गोळा करतं, बॉटल्स त्याच जातीचं पण दिसायला साधं. कुठलंही एक घ्या, तिन्ही एकदम टाकून एकच गेम तिन्हीकडे जोडू नका.

विंडोजचा गेम इथे चालतो कसा? याच्या पायाशी आहे वाइन, 1993 पासून चालत आलेला प्रोजेक्ट, ज्याला 1.0 व्हर्जनपर्यंत पोचायला 2008 उजाडलं. वाइन विंडोजचं सोंग आणत नाही की आत विंडोज चालवत नाही, गेमने विंडोजकडे मागितलेली प्रत्येक गोष्ट ते लिनक्सच्या पद्धतीने पुरवतं. ग्राफिक्सचं काम डीएक्सव्हीके करतं, ते डायरेक्टएक्स (विंडोजची ग्राफिक्सची पद्धत) 9, 10, 11 च्या आज्ञा व्हल्कनमध्ये (लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्सच्या पद्धतीत) बदलतं, आणि डायरेक्टएक्स 12 साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे. हे सगळं एकत्र बांधून, गेमगणिक खटपटी करून दिलेलं पॅकेज म्हणजे प्रोटॉन. म्हणूनच ग्राफिक्स कार्ड व्हल्कन चालवू शकत नसेल तर पुढचं काहीच होत नाही, ते आधी तपासायचं.

प्रोटॉन प्रत्येक गेमला स्वतंत्र बिऱ्हाड थाटून देतो, त्याला प्रीफिक्स म्हणतात. स्टीमच्या लायब्ररीत स्टीमॲप्स, त्यात कम्पॅटडेटा, आणि त्यात नुसते आकडे नाव असलेले फोल्डर दिसतील. तो आकडा म्हणजे गेमचा स्टीमवरचा नंबर, गेमच्या स्टोअर पेजच्या पत्त्यात तोच असतो. आत गेलं की खोटा सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात स्टीमयुजर, आणि तिथे डॉक्युमेंट्समध्ये किंवा ॲपडेटामध्ये सेव्ह सापडतात. हे माहीत असणं का महत्त्वाचं, तर गेम अचानक बिघडला की सगळे सांगतात प्रीफिक्स उडव, नवा तयार होईल. होतो खरा, पण गेमला क्लाउड सेव्ह (सर्व्हरवर ठेवलेली प्रत) नसेल तर चाळीस तासांचा खेळ त्याच्यासोबत जातो. आधी सेव्हचा फोल्डर बाहेर कॉपी करायचा, मग खुशाल उडवा.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या ड्युअल बूटवाल्यांची आवडती युक्ती म्हणजे विंडोजच्याच एनटीएफएस पार्टिशनवरचे (डिस्कच्या भागावरचे) गेम लिनक्समधून चालवायचे. जागा वाचते, पण प्रोटॉनला प्रीफिक्समध्ये अपूर्णविराम (:) असलेल्या नावाची लिंक बनवावी लागते, विंडोजच्या नियमात असं नाव बसत नाही, आणि तिथून कटकट सुरू. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते पार्टिशन नीट बंद झालेलंच नसतं आणि लिनक्सला फक्त वाचायला मिळतं. एक्सटीफोर या लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीच्या पार्टिशनवर गेम पुन्हा डाउनलोड करणं कंटाळवाणं असलं तरी बरं.

काही गेमची लिनक्ससाठीची मूळ आवृत्तीही असते, पण ती बनवून कंपनी विसरून गेलेली असते. अशा वेळी स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन जबरदस्तीने प्रोटॉन निवडला तर विंडोजची आवृत्ती जास्त चांगली चालते, फक्त सेव्ह आपोआप इकडचे तिकडे होतीलच असं नाही. मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल, टाकणाऱ्यांनी अशा नेटिव्ह (मूळ लिनक्सच्या) गेममध्ये अजून एक बघायचं, लिनक्सला मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरं वेगळी वाटतात, कॅपिटल डीचा डेटा आणि स्मॉल डीचा डेटा हे दोन वेगळे फोल्डर होतात आणि मॉड शांतपणे काहीच करत नाही.

अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणारा प्रोग्राम, हा मात्र खरा अडथळा, आणि इथे तंत्रापेक्षा मर्जीचा प्रश्न जास्त. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी 2021 मध्ये प्रोटॉनला सपोर्ट दिला, पण तो चालू करायचा की नाही हे गेम कंपनी ठरवते. फोर्टनाइटने तो दिलेला नाही, व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) बसतो त्यामुळे तिथे विषयच संपला, आणि एपेक्स लेजंड्स तर चालत असताना 2024 च्या शेवटी लिनक्सवाल्यांसाठी बंद करण्यात आला. ऑनलाइन गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या खेळणाऱ्यांचे अनुभव गोळा करणाऱ्या साइटवर अलीकडच्या तारखेचे रिपोर्ट वाचावेत, वरचा सोनेरी किंवा प्लॅटिनमचा बिल्ला बघून भुलू नये.

राहिली साफसफाई. गेमसोबत शेडर कॅशे (ग्राफिक्सचा आधीच तयार करून ठेवलेला कोड) आणि प्रोटॉनच्या जुन्या व्हर्जन डिस्क खातात. स्टीमच्या लायब्ररीत टूल्सचा फिल्टर लावला की प्रोटॉनच्या सगळ्या व्हर्जन गेमसारख्याच दिसतात आणि तशाच काढता येतात. प्रोटॉन-जीईसारखी बाहेरची व्हर्जन प्रोटॉनअप-क्यूटी नावाच्या टूलमधून येते, ती आपणहून अपडेट होत नाही, आणि एखाद्या गेमला तीच लावून ठेवली असेल आणि ती उडवली तर दुसरी निवडेपर्यंत तो गेम उघडत नाही.