निरीश्वरवादी नीती

ईश्वर, परलोक किंवा धर्मग्रंथाची आज्ञा यांचा आधार न घेता बरे-वाईट ठरवणारी विचारसरणी. बोलीत देव न मानणाऱ्याला आपण सरसकट नास्तिक म्हणतो. जुन्या संस्कृतात या शब्दाचा रोख वेगळा होता. मनुस्मृतीच्या लेखी नास्तिक म्हणजे वेदनिंदक. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे, पण वेद प्रमाण मानणारे मीमांसक (वेदातील यज्ञविधींचा अर्थ लावणारे) आस्तिकांत बसतात आणि अहिंसेचा सर्वांत कडक आचार पाळणारे जैन नास्तिक ठरतात. दोघांनीही ईश्वराची खुर्ची रिकामी ठेवली, पण कर्माची वही मिटली नाही. केल्याचे फळ मिळणारच. ते द्यायला न्यायाधीश लागत नाही, एवढाच फरक.

वहीसुद्धा नाकारली ती परलोक न मानणाऱ्या जडवादी चार्वाकांनी, आणि त्यांच्या वाट्याला ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ (कर्ज काढून तूप प्यावे) ही कायमची बदनामी आली. त्यांचे स्वतःचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. जे कळते ते बहुतांशी प्रतिपक्षाकडून. चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात चार्वाक प्रकरणाच्या आरंभी हाच श्लोक ‘यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः’ असा येतो. मृत्यूच्या तावडीतून कोणी सुटत नाही, तेव्हा जगाल तोवर सुखाने जगा, इतकेच तिथे म्हटले आहे. कर्ज आणि तूप प्रकरणाच्या शेवटाकडे अवतरतात. त्याच प्रकरणात यज्ञात मारलेला पशू स्वर्गाला जात असेल तर यजमान आपल्या बापालाच का मारत नाही, असा प्रश्न आहे. केवळ चैनीसाठी जगणाऱ्याला असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. त्यामागे हिंसेचा आणि पोटभरू कर्मकांडाचा राग दिसतो.

युरोपात हा वाद वेगळ्या वाटेने गेला. देवाला आवडते म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती मुळात चांगली म्हणून देवाला आवडते, हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मांडला होता. दुसरे उत्तर स्वीकारले की चांगुलपणाचा उगम देवाच्या बाहेर शोधावा लागतो. व्यवहारात मात्र अडचण देवाच्या धाकाची होती: तो नसेल तर माणूस शब्द पाळेल कशाला? धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कर्ता इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानेही 1689 मध्ये निरीश्वरवाद्यांना सहिष्णुतेतून वगळले, कारण वचन, करार आणि शपथ त्यांना बांधू शकत नाहीत असे त्याचे मत होते.

महाराष्ट्रात या आक्षेपाला उत्तर मिळाले ते आधी गोपाळ गणेश आगरकरांच्या (1856–1895) जगण्यातून. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला लिहिले होते की, मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून बाकी वेळ परहितात घालवणार. 1888 मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’ या पत्रात त्यांनी मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या वळणाने लिहिले. आचार चांगला की वाईट हे शास्त्रवचन पाहून ठरवायचे नाही; त्याने माणसांचे सुख वाढते की दुःख, हे पाहायचे. विधवेचे केशवपन, बालविवाह यांना त्यांनी हीच फूटपट्टी लावली. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे बाजूला काढून ठेवले होते, असे सांगतात. तूप उधारीवर पिणाऱ्याच्या चित्राशी हे काही जुळत नाही. त्यांना ‘देव न मानणारा देवमाणूस’ म्हटले जाते. कौतुकासाठीही शब्द देवाचाच उसना घ्यावा लागला, हे आगरकरांना फारसे रुचले नसते.

पण एकाच्या सचोटीने तत्त्व सिद्ध होत नाही. सुख वाढवा म्हणताना कोणाचे, हा प्रश्न उरतोच. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका पकडला. चोरांमध्येही आपसांत नीती असते, जातीतही असते. ती गटाचे हित राखते आणि बाहेरच्याला तुडवते. म्हणून नीती सर्वांना सारखी आणि पवित्र हवी, असे त्यांनी बौद्ध धम्माचे विवेचन करताना मांडले. धम्मात ईश्वराची जागा नीतीने घेतली असून माणसाने माणसावर प्रेम करण्याच्या गरजेतूनच ती उगवते. तिला ईश्वराच्या मंजुरीची गरज नाही. जग कसे ‘आहे’ यातून ते कसे ‘असावे’ हे कसे निघते, हा स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा आक्षेप इथेही शिल्लक राहतो. मात्र ‘देवाची आज्ञा आहे’ यातूनही ‘ती पाळावी’ हे आपोआप निघत नाही, तेव्हा हे ओझे दोन्ही पक्षांच्या खांद्यावर आहे.

आंध्रातील गोरा (गोपराजू रामचंद्र राव, 1902–1975) यांनी 1940 मध्ये निरीश्वरवादी केंद्र स्थापन केले. हे केंद्र पुढे विजयवाड्यास आले. गोरांचा भर अस्पृश्यतानिवारणाच्या कामावर. देव नाही म्हटले की जबाबदारी माणसावर येते, हे त्यांचे सूत्र. 1944 मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामात ते गांधीजींना भेटले. देव म्हणजे सत्य यापेक्षा सत्य हाच देव, असे गांधीजी तोवर म्हणू लागले होते, त्यामुळे दोघांना बोलायला समान जमीन मिळाली.

अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने वेगळा पवित्रा घेतला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देव मानणे-न मानणे ज्याचे त्याच्यावर सोपवून शोषणाला विरोध केला, डॉ. श्रीराम लागू देवाला रिटायर करा म्हणत, आणि तरीही दोघे एका व्यासपीठावर वाद-संवाद करत.

लॉकचा शपथेचा मुद्दा प्रत्यक्षात निकाली निघाला तो चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यामुळे. 1880 मध्ये निवडून येऊनही या निरीश्वरवाद्याला ब्रिटिश संसदेत बसू दिले नाही. 1886 मध्ये ते बसले आणि 1888 च्या कायद्याने देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मुभा सर्वांना मिळाली. 1889 मध्ये ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. 1891 मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेला लंडनमध्ये शिकणारे गांधीही गेले होते. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आज दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी आहेत: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. त्यापुढचा मजकूर दोघांना एकच आहे.