‘सिस्टरला सवय होते’ म्हणे!

“रोज मरण बघणारी ती, तिला कसलं आलंय डिप्रेशन?” मुंबईत नर्सेसबद्दल हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. पण पेशंटसमोर चेहरा शांत ठेवणं हा ड्युटीचा भाग आहे, मन दगड झाल्याचा पुरावा नव्हे. नाइट संपवून विरार लोकल पकडायची, घरी डबे, मुलांची शाळा, आणि झोप तुकड्यातुकड्यांत. शरीराचं घड्याळ असं सतत उलटसुलट झालं की नैराश्याचा धोका वाढतो, कमी होत नाही. दोन आठवडे उदासी हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो नुसता थकवा समजू नये.

“उपचार घेतले की मेट्रनला (म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना) कळतं” हीसुद्धा अफवाच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या कलम २३ नुसार मोजके अपवाद वगळता उपचारांची माहिती गुप्तच राहते.

आणि गोळ्या? नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. (हे पेशंटला समजावणाऱ्या सिस्टरच स्वतःच्या बाबतीत विसरतात!) टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास. नाइट ड्युटीच्या मधल्या चहालाही लावता येतो.