दुभत्या गायींची शरीरलक्षणे व आयुर्मान

दुभत्या गायीच्या शरीराच्या ठेवणीतील आनुवंशिक भेद आणि तिचे कळपातील आयुष्य यांच्या संबंधाचा अभ्यास पशुप्रजननशास्त्रात केला जातो. येथे आयुर्मान म्हणजे नैसर्गिक वय नव्हे. गाय २० वर्षेही जगू शकते. व्यावसायिक कळपातून मात्र ती बहुधा तीन-चार वेतांतच काढली जाते. पहिल्या वेतापासून त्या दिवसापर्यंतचा काळ हे तिचे उत्पादक आयुष्य होय. दूध कमी म्हणून काढलेल्या गायींचा परिणाम गणिताने वगळला की ‘कार्यात्मक आयुर्मान’ उरते.

आयुर्मानाची आनुवंशिकता, म्हणजे गायीगायींमधील फरकात जनुकांचा वाटा, साधारणतः ०.१ किंवा त्याहून कमी असते. शिवाय एखाद्या वळूच्या कन्या किती टिकल्या हे कळेपर्यंत तो वळू म्हातारा झालेला असतो. शरीरलक्षणांना मात्र पहिल्याच वेतात, बहुतेक देशांत १ ते ९ या श्रेणीत, गुण देता येतात आणि त्यांची आनुवंशिकताही अधिक असते (कासेच्या लक्षणांची सुमारे ०.२ ते ०.३, उंचीची सुमारे ०.४). म्हणून त्यांच्यावरून आयुर्मानाचा आगाऊ अंदाज बांधण्याची पद्धत रूढ झाली.

सर्वांत भरवशाचा संबंध कासेचा आहे. पुढून घट्ट जोडलेली, मधल्या बंधाने तोललेली आणि मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर राहणारी कास दीर्घायुष्याशी निगडित आढळते. तिसऱ्या वेतापर्यंत कास लोंबली की सड चिखलाला टेकतात, खुराखाली सापडतात आणि स्तनदाहाचा धोका वाढतो. पायांचा संबंध यापेक्षा क्षीण असून मागचा पाय फार सरळ किंवा फार वाकडा असण्यापेक्षा मध्यम असणे हितकारक ठरते.

मतभेद आहे तो मुख्यतः अंगलटीविषयी. उंच, खोल छातीची, टोकदार हाडांची गाय ही पूर्वी आदर्श मानली जाई. अशी गाय अधिक दूध देते आणि म्हणून कळपात राहते, तेव्हा एकूण आयुर्मानाशी तिचा सहसंबंध धन येऊ शकतो. दुधाचा परिणाम वगळल्यावर तोच सहसंबंध शून्याकडे किंवा ऋण बाजूला झुकतो. नोंदणीकृत कळपांत मालक रूपावरूनच गाय ठेवतो वा विकतो, त्यामुळे तेथील आकडे कितपत जैविक आणि कितपत मालकाच्या निवडीचे, हा प्रश्न रास्त आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९६० च्या दशकात होल्स्टाइन गायींची मोठ्या व लहान अंगाची अशी दोन कुळे निवडीने वेगळी करण्यास प्रारंभ झाला; त्यांत लहान अंगाच्या गायी अधिक काळ टिकल्या. निव्वळ सहसंबंधापेक्षा या प्रयोगाचे वजन अधिक मानणे योग्य वाटते.

अमेरिकेत २००९ पासून जनुकसंचाच्या आधारे तरुण वळूंचे अधिकृत मूल्यांकन होऊ लागले आणि अंदाजाचे साधन म्हणून शरीरलक्षणांची गरज कमी झाली. तेथील आर्थिक निवड निर्देशांकात, म्हणजे निरनिराळ्या लक्षणांना नफ्याच्या हिशेबाने भार देऊन काढलेल्या एकत्रित आकड्यात, कासेला धन, तर शरीराच्या आकाराला ऋण भार दिला जातो.