डेन्मार्कचा वारा आणि नॉर्वेची धरणं: केबल आधी, पवनचक्क्या मागून

2023 मध्ये बेल्जियममधल्या ऑस्टेंडला युरोपातल्या नऊ देशांनी ठरवलं की 2050 पर्यंत नॉर्थ सी आणि आसपासच्या समुद्रात निदान 300 गिगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या करायच्या आणि ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांची जाळी, एकमेकांना जोडत न्यायचे. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण देशादेशांत विजेची ही देवाणघेवाण तिकडे जुनीच आहे.

1915 मध्येच स्वीडनची जलविद्युत समुद्राखालून डेन्मार्कला यायला लागली होती. मग 1963 ला नॉर्डेल नावाची संस्था निघाली, शेजाऱ्यांचे ग्रिड जुळवून चालवायला. खरी मोठी गोष्ट म्हणजे 1976-77 ची स्कागेराक केबल, समुद्राखालून डेन्मार्क ते नॉर्वे, डीसी (म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह), 500 मेगावॅट. आता डेन्मार्कचं वाऱ्याचं कौतुक करताना लोक हे विसरतात की ही केबल काही वाऱ्यासाठी टाकली नव्हती, तेव्हा डेन्मार्क औष्णिक विजेवर चालायचा आणि धरणांच्या विजेवर चालणाऱ्या नॉर्वेला पाऊस कमी झाला की डेन्मार्ककडून वीज हवी असायची, एवढाच हिशोब.

वारा मागून आला. म्हणजे डॅनिश शास्त्रज्ञ पोल ला कूर यांनी डेन्मार्कमधल्या आस्कोव्हला 1891 मध्येच पवनचक्कीवर वीज काढली होती, पण जोर चढला तो 1973 ला तेलाचे भाव भडकले त्यानंतर. 1985 ला डेन्मार्कच्या संसदेने अणुऊर्जा नको म्हटलं, 1991 ला तिथल्याच विंडेबीला समुद्रात 11 पवनचक्क्या लागल्या, जगात पहिल्यांदाच.

आणि मग ती जुनी केबल कामाला आली! वारा सुटला की डेन्मार्कची वीज स्वस्त होते, नॉर्वे ती घेतो आणि धरणाचं पाणी तसंच राखून ठेवतो, वारा पडला की तेच पाणी सोडून वीज उलटी पाठवतो. पंप वगैरे काही नाही, पाणी फक्त सोडायचं नाही, बस. सौदे होतात नॉर्ड पूलवर, 1996 ला नॉर्वे-स्वीडनने सुरू केलेला हा विजेचा बाजार, डेन्मार्क 1999-2000 मध्ये आत आला. स्कागेराकही वाढत वाढत 2014 पर्यंत 1700 मेगावॅटवर गेली आणि आज डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आहे.

नॉर्वेत मात्र सगळे खूश नाहीत. 2021 ला जर्मनी आणि ब्रिटनकडे प्रत्येकी 1400 मेगावॅटच्या केबल सुरू झाल्या, त्याच सुमारास युरोपात गॅसचे भाव भडकले आणि दक्षिण नॉर्वेतल्या लोकांची बिलं वाढली, आमचं पाणी आणि भाव जर्मनीचा का, असा राग. 2025 च्या जानेवारीत युरोपियन युनियनच्या ऊर्जा नियमांवरून नॉर्वेच्या आघाडी सरकारातली सेंटर पार्टी थेट सरकारातूनच बाहेर पडली.