निफाडचा कांदा आणि स्वतंत्रतावाद्यांचा हट्ट

१४ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने आवश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. धान्य, डाळी, तेलबिया, बटाटा आणि कांदा यांच्यावर एरवी बंधने राहणार नाहीत. युद्ध, दुष्काळ, मोठी नैसर्गिक आपत्ती किंवा भावांचा भडका असेल तरच सरकार मध्ये पडेल, असे तिच्यात म्हटले होते. म्हणजे एका हाताने दावं सोडलं आणि दुसऱ्याने गोठ्याचं दार लावून घेतलं. ऑक्टोबर संपायच्या आत साठ्यावर मर्यादाही आली: ठोक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन.

त्या हिवाळ्यात दिल्लीच्या सीमेवर पंजाब-हरियाणाचे शेतकरी तीन नव्या कृषी कायद्यांविरुद्ध ठाण मांडून बसले; वरची दुरुस्ती त्यांतलीच एक. त्याच वेळी महाराष्ट्रातली, शरद जोशींनी उभारलेली शेतकरी संघटना कायदे राहू द्या म्हणत होती आणि कांद्याच्या निर्यातबंदीला कडाडून विरोधही करत होती. ही माणसे सरकारच्या बाजूची की विरोधातली, असा प्रश्न बाहेरच्यांना पडणे साहजिक होते. नाशिक जिल्ह्यात तो फारसा पडला नाही, कारण ही भूमिका इथे चाळीस वर्षे ऐकलेली आहे. तिला पुस्तकी नाव स्वतंत्रतावाद. बाजारतळावर तिचा अर्थ एवढाच: माल माझा, तर कुठे, कधी, कुणाला विकायचा ते मी ठरवणार.

गंमत अशी की लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत ही कांदा-द्राक्षांची सारी पेठ ज्या निफाड तालुक्यात येते, तिथे १८४२ मध्ये जन्मलेल्या महादेव गोविंद रानड्यांनी नेमके उलटे सांगितले होते. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर बोलताना, सरकारने व्यवहारात ढवळाढवळ करू नये हे इंग्रजी तत्त्व सगळ्या देशांना सरसकट लावता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. गरीब, पराधीन देशात उद्योग उभे करायला सरकारचा हात लागेल, असे त्यांचे मत. तेव्हाचा खुला व्यापार मँचेस्टरच्या कापडासाठी खुला होता, हे लक्षात घेतले तर रानडे चुकीचे वाटत नाहीत. पण स्वातंत्र्यानंतर सरकारचा हात आला तो थेट शेतकऱ्याच्या गोणीवर.

त्याच सुमारास सामाजिक बाजूलाही एक गाठ पडली होती, ती अजून सुटलेली नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेले. परक्या सरकारने आमच्या घरात डोकावू नये, हा टिळकांचा पवित्रा; ज्या मुलीवर हे गुदरते तिच्या बाजूने आगरकर. स्वातंत्र्य कुणाचे मोजायचे, समाजाचे की त्यातल्या एकट्या माणसाचे? आजचे निम्मे वाद याच गाठीशी येऊन अडतात.

मधल्या काळाचे थोडक्यात. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आले आणि त्यात टाकलेल्या कायद्यांना न्यायालयात आव्हान देणे जवळपास अशक्य झाले. १९५५ साली आवश्यक वस्तू कायदा, १९६१ साली जमीनधारणेला कमाल मर्यादा घालणारा महाराष्ट्राचा सीलिंग कायदा, १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. त्याविरुद्ध राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ ला त्याचे ४४ खासदार आले, पण साखर कारखान्यांच्या आणि सहकाराच्या महाराष्ट्रात त्याला मूळ धरता आले नाही. इथे तो विचार संस्थानिकांचा आणि कारखानदारांचा म्हणूनच ओळखला गेला.

त्याला मातीचा वास आला तो शरद जोशींमुळे. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून १९७६-७७ च्या सुमारास हा माणूस परतला आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसला. शेती करून पाहिली, खर्च लिहून ठेवला. निघालेला हिशेब सोपा होता: कष्ट कमी पडत नाहीत, शेतमालाचा भाव पाडला जातो. तोही शहराला स्वस्त खाऊ घालण्यासाठी, ठरवून. 'शेतकऱ्याचे मरण हेच सरकारचे धोरण' ही घोषणा या हिशेबातून आली.

संघटनेचे आंदोलन चाकणला सुरू झाले, तरी त्याचा आवाका दिसला नाशिकमध्ये. १० नोव्हेंबर १९८० पासून उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला क्विंटलला ५० ते ७० रुपये भाव मागत शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि रेल्वेरुळांवर बसले. पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे आणि निफाडचे प्रल्हाद पाटील कराड ही मंडळी तेव्हा पुढे होती. तुरुंग भरले, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. अंतुल्यांचे सरकार होते. निफाड-चांदवडकडच्या कुठल्याही पारावर आजही 'ऐंशी सालचं आंदोलन' एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही.

इथे एक खाच आहे. भाव मागणे म्हणजे सरकारकडेच मागणे झाले, मग खुल्या बाजाराचा आग्रह कसा? जोशींचे उत्तर असे की सरकारने काही देऊ नये, घेणे थांबवावे. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची खरेदी यांनी शेतकऱ्याच्या ताटातले काढून घेतले जाते, त्याला ते उणे सबसिडी म्हणत. 'सूट सबसिडीचे नाही काम, आम्हाला हवे घामाचे दाम' हे त्याचेच गावठी रूप. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध डावे आणि स्वदेशीवाले एका सुरात बोलत असताना संघटना त्याच्या बाजूने उभी राहिली. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. मते त्याला कधीच फारशी मिळाली नाहीत. रस्त्यावर लाखाची गर्दी आणि पेटीत हजारांची मते, हे कोडे मला तरी अजून उलगडलेले नाही.

चांदवडचे अधिवेशन मात्र सावकाश पाहायला हवे. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला शेतकरी महिला आघाडीसाठी तिथे लाखांवर बायका जमल्या, डोक्यावर पदर आणि हातात भाकरीचे गाठोडे घेऊन. पुढे यातूनच लक्ष्मीमुक्ती आली: नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावावर करायचा. कायद्याची सक्ती नाही, अनुदान नाही. तरी सातबाऱ्यावर नावे लागली. आता दुसरे टोक पाहा. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ असे मंजूर झाले. तो एक म्हणजे शरद जोशी. मतदारसंघ पाळीपाळीने फिरते राहिले तर निवडून आलेली बाई पाच वर्षे ज्या मातीत राबली, तिथून पुन्हा उभी राहू शकणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो न पटणारे पुष्कळ आहेत. पण चांदवडला मंडप घालणाऱ्याने एकट्याने विरोधी मत द्यायलाही छाती लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यातही ते फिरते मतदारसंघ आहेतच, त्यामुळे हा वाद संपलेला नाही.

त्याच राज्यसभेत त्यांनी एक खासगी विधेयकही आणले होते. १९८९ पासून पक्षाची नोंदणी करताना समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते; ती अट काढा, असे ते म्हणत होते. ज्याला समाजवाद मान्यच नाही त्याने पक्ष काढताना खोटे बोलायचे का? 'समाजवादी' हा शब्द उद्देशिकेत आला १९७६ साली. १९४८ मध्ये के. टी. शहांनी तो घटनेत घालायची सूचना केली, तेव्हा समाजाची रचना लोकांनी वेळोवेळी ठरवावी असे म्हणून आंबेडकरांनी ती नाकारली होती.

आता चालू वाद. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले. द्राक्षवाला नाशिक खूश, अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत, निर्णय बासनात. स्वतंत्रतावादी म्हणतो की प्रौढ माणसाने काय प्यावे ते सरकार का ठरवते? १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे आणि प्यायला परवाना लागतो, हे तर बहुतेक पिणाऱ्यांना ठाऊकही नाही. मार्च २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. मालेगावच्या बाजारात म्हातारा बैल विकून नव्या जोडीला भर घालणाऱ्याच्या दृष्टीने हा धर्माचा प्रश्न दुय्यम. त्याच्या दावणीतली मालमत्ता एका रात्रीत बिनकिमतीची झाली. वाइनच्या वादात स्वतंत्रतावादी मंडळी उजव्यांना नकोशी, कृषी कायद्यांच्या वादात डाव्यांना.

पण या विचाराला नाशिकनेच घातलेला एक पेच आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला निफाडला लागूनच असलेल्या येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. ते दार सरकारने लावलेले नव्हते. गाव, जात, देवस्थान हेच जिथे माणसाला बांधून ठेवतात, तिथे 'सरकार बाजूला हो' म्हणून भागत नाही. लक्ष्मीमुक्तीत जमीन मिळाली ती जमीन असलेल्या घरच्या बायकांना. ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांच्यासाठी या विचाराकडे रोजगाराच्या आशेपलीकडे फारसे काही नव्हते, आणि संघटनेतले जाणते लोक खासगीत ते कबूलही करतात.

दुसरी अडचण रोजची आहे. मार्च २०२३ मध्ये कांदा दोन-चार रुपये किलोवर आला, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले. रांगा लावून अर्ज भरणाऱ्यांत ऐंशीच्या आंदोलनात तुरुंगात गेलेल्यांचे नातूही होते. त्याच ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क राहिले. लोकसभेच्या निवडणुकीत दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेले.

तेव्हापासून कांद्याचा दरवाजा उघडा आहे. तरी त्या वर्षी साठवणुकीच्या चाळीतला उन्हाळ कांदा पडत्या भावाने निघाला आणि अनुदान द्या, ही मागणी पुन्हा सुरू झाली. बंदीच्या भीतीने परदेशी गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, ते एका शुल्कमाफीने परत येत नाही, असे जुने कार्यकर्ते सांगतात. शेजारी बसलेला पोरगा मोबाइलवर आजचा भाव बघत म्हणतो, "काका, तोवर चाळीतला कांदा सडतोय त्याचं काय?"