लिखा की कोंडा? आधी केस बघा, मग बाटली उघडा

‘डोकं फार खाजतंय हो हिचं, कसला तरी शाम्पू द्या.’ शाळा सुरू होऊन महिना झाला, की मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य ठरलेलं. कोंड्याचा शाम्पू हवाय की उवांचं औषध, असं उलट विचारलं तर समोरच्या आईचा चेहरा गोंधळतो. काही जणी मात्र कागदाच्या पुडीत दोन-चार केस घेऊनच येतात. मला त्या फार आवडतात, कारण उत्तर त्या पुडीतच असतं.

हातभर अंतरावरून दोन्ही सारखंच दिसतं: काळ्या केसांत पांढरे ठिपके आणि जोडीला खाज. पण कोंडा म्हणजे स्वतःच्याच डोक्याच्या कातडीचे सुटलेले पापुद्रे. लीख म्हणजे उवेने केसाला चिकटवलेलं अंडं. कोंडा कुणाचा कुणाला लागत नाही; उवा घरभर फिरतात. शिवाय औषधांची अदलाबदल चालत नाही. कोंड्यावरच्या केटोकोनॅझोलने ऊ मरत नाही आणि उवांच्या परमेथ्रिनने कोंडा जात नाही. आधीच चिडलेल्या त्वचेला उगाच आणखी त्रास होतो तो वेगळाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार घरोघरी चालतो, आणि आठवड्याभराने ‘तुमचं औषध लागू पडलं नाही’ म्हणून बाटली परत येते.

ओळखायचं कसं? खाजेवरून नाही, केसावरून. मुलीला खिडकीशी किंवा गॅलरीत दिवसाउजेडी बसवा. ट्यूबलाइटखाली सगळंच पांढरं दिसतं. कानामागचे आणि मानेवरचे केस उचला, कारण उवांना तीच जागा आवडते. पांढरा ठिपका दिसला की आधी फुंकर घाला, मग बोटाने झटका. उडाला, खांद्यावर पडला, तर कोंडा. नाही हलला, तर तो केस अंगठा आणि तर्जनीच्या नखांत धरून ठिपका टोकाकडे ओढून बघा. लीख सहजी सुटत नाही. मादी अंडं घालताना त्याच्याभोवती एक डिंकासारखा द्रव सोडते, तो केसाला वेढून घट्ट वाळतो. त्यामुळे लीख केसाच्या एकाच बाजूला, थोडी तिरकी, लांबट दाण्यासारखी बसलेली दिसते. साधारण पाऊण मिलिमीटर लांब, आणि सगळ्या एकाच मापाच्या. कोंड्याचे पापुद्रे वेडेवाकडे, लहानमोठे, कधी तेलकट पिवळट, कधी सुके भुरभुरीत.

यातला एक तपशील बहुतेकांना उलटा वाटतो. जी लीख पांढरी शुभ्र, लांबूनही उठून दिसते, ती बहुधा रिकामी असते. पिल्लू बाहेर पडून गेलेलं, टरफल तेवढं उरलेलं. जिवंत लीख पिवळट-तपकिरी, केसाच्या रंगात मिसळून जाणारी आणि टाळूला लागून, साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असते. अंड्याला ऊब लागते ना. केस महिन्याला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो आणि लीख केसाबरोबर खाली सरकत जाते. म्हणजे टाळूपासून दोन-तीन सेंटिमीटरवरची लीख ही दोन-तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. कोकणासारख्या उष्ण दमट हवेत जिवंत लिखा क्वचित जरा लांबही सापडतात, त्यामुळे पट्टी लावून निकाल देऊ नका, पण अंदाज याच हिशोबाने बांधायचा.

या दोघांत एक तिसरा घुसखोरही आहे. केसाभोवती पांढरी बारीक नळी दिसते, लिखेसारखीच. पण नखांत धरून ओढली की मण्यासारखी अलगद केसावरून सरकत टोकाला येते. ही ना लीख, ना नेहमीचा कोंडा. केसाच्या मुळाशी असणाऱ्या आवरणाचा तो तुकडा. रोज घट्ट दोन वेण्या बांधणाऱ्या मुलींत हे दिसतं. औषध काहीच नको, वेण्या थोड्या सैल घाला. आणि मुलाच्या डोक्यावर खवल्यांबरोबर केस तुटलेला गोल चट्टा असेल, तर ती डोक्यातली दाद, म्हणजे नायटा, असू शकते. तिला शाम्पू पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात, थेट डॉक्टरकडे.

वयही बरंच सांगून जातं. कोंड्याला कारणीभूत असलेली मॅलॅसेझिया नावाची यीस्ट डोक्यावरच्या तेलावर जगते, आणि ते तेल वयात आल्यावर वाढतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या टाळूवरची खपली सोडली, तर कोंडा हा मुख्यतः तेरा-चौदा वर्षांपुढचा पाहुणा. दुसरी-तिसरीतल्या मुलीला ‘कोंडा झालाय’ असं कुणी सांगितलं, की मी पहिल्यांदा म्हणतो, मानेवरचे केस उचलून बघा. चाळिशीतल्या बारीक केस ठेवणाऱ्या वडिलांना मात्र बहुधा कोंडाच असतो. आईचं सांगता येत नाही. ती मुलीशेजारी झोपते, तिच्या वेण्या घालते, आणि तिला स्वतःचा कोंडाही असतो. एकाच डोक्यात दोन्ही असू शकतं, आणि मग आधी उवांचं बघायचं.

खाजेवर भरवसा का नाही, तेही सांगतो. उवा रक्त पिताना जी लाळ सोडतात तिच्या अ‍ॅलर्जीने खाज सुटते. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील, तर ही अ‍ॅलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. मे महिन्यात मामाकडे सगळी भावंडं एका गादीवर आडवी झाली, खाज सुटली जूनमध्ये, आणि दोष गेला शाळेतल्या बाकावरच्या मैत्रिणीला! म्हणूनच एकाच्या डोक्यात ऊ सापडली, की घरातलं प्रत्येक डोकं तपासायचं, खाजो वा न खाजो. ऊ उडत नाही, उड्या मारत नाही, फक्त चालते. डोक्याला डोकं लागलं की पुरे.

आता तेल. आपल्याकडे डोक्याची कुठलीही तक्रार असो, पहिला हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. उवांच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे. तेलाने केस निसरडे होतात, उवांची चाल मंदावते, फणी सहज फिरते. पण तेलाने उवा मरतात यावर विसंबू नका. ऊ आपली श्वासरंध्रं मिटून तासन् तास तग धरते, पाण्यातसुद्धा. कोंड्यात मात्र तेल चोपडून दोन-दोन दिवस ठेवणं म्हणजे त्या यीस्टला जेवण वाढणं. तेल लावायचंच असेल तर तासाभराने धुऊन टाका. आजीचा उपाय एका ठिकाणी अर्धा बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक, इतकाच फरक.

फणीबद्दल मात्र आजी शंभर टक्के बरोबर होती. दोन्हीकडे दाट दाते असलेली ती लाकडी फणी, समोर पांढरं फडकं, आणि नखावर ‘टच्’ असा आवाज. इस्रायलमधल्या लाखीश इथे हस्तिदंताची एक फणी सापडली आहे, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची मानली जाते. ‘या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत’ अशा अर्थाची ओळ तिच्यावर कोरलेली आहे. तिचं वाचन २०२२ साली प्रसिद्ध झालं. साडेतीन हजार वर्षांहून जास्त काळ टिकलेलं साधन शाम्पूच्या जाहिरातीने अडगळीत टाकावं हे काही खरं नाही.

नुसत्या नजरेपेक्षा फणीने उवा कितीतरी जास्त सापडतात. पद्धत अशी: केस धुऊन ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचा, साध्या कंगव्याने गुंता काढायचा, मग बारीक दात्यांची फणी टाळूला टेकवून मुळापासून टोकापर्यंत सलग ओढायची. दरवेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसायची. कागदावर तिळाएवढं, सहा पायांचं काही हललं, तर निदान पक्कं. फक्त लिखा सापडल्या आणि जिवंत ऊ नाही, तर लगेच औषध ओतायचं कारण नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा फणी फिरवा. कंगव्याने हे काम होत नाही, त्याच्या दोन दात्यांमधून ऊ आरामात निसटते. धातूच्या, लांब दात्यांच्या फण्या हल्ली मिळतात, त्या प्लास्टिकच्या फण्यांपेक्षा चांगल्या.

जिवंत ऊ सापडली, तर परमेथ्रिन १ टक्का. हा ‘१’ वाचूनच घ्या. ५ टक्क्यांचं परमेथ्रिन क्रीम खरजेसाठी असतं, दोन्हीची नावं सारखी, आणि घरात पडलेली ट्यूब ‘तेच आहे ना’ म्हणून डोक्याला लागते. ते तेच नाही. लोशन टाळूला आणि मुळांना नीट लावून साधारण दहा मिनिटं ठेवायचं, पण वेष्टनावर लिहिलेली वेळच पाळा; रात्रभर ठेवल्याने जास्त गुण येत नाही. लावायच्या आधी कंडिशनर नको, त्याने औषध केसाला धरत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला औषध नाही, फक्त फणी आणि हात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावं.

खरी गफलत पुढे होते. औषध उवा मारतं, सगळी अंडी मारत नाही. वाचलेल्या लिखांतून सहा ते नऊ दिवसांत पिल्लं निघतात आणि त्यांची वाढ होऊन ती अंडी घालायला लागायला आणखी नऊ ते बारा दिवस जातात. या फटीत, नवव्या दिवसाच्या आसपास, दुसरा हात मारायचा असतो. लोक पहिल्या धुण्यानंतर दोन दिवस शांतता बघून थांबतात. मग तिसऱ्या आठवड्यात सगळं पूर्ववत. ज्यांच्या डोक्यात उवा सापडल्या त्या सगळ्यांना एकाच दिवशी लावा, आणि त्यांच्याशेजारी झोपणाऱ्यांनाही. धाकटीला आज आणि मोठीला रविवारी, असं केलं की उवा नुसत्या बहिणी-बहिणींत फिरत राहतात. औषध लावून आठ-बारा तासांनंतरही उवा पहिल्यासारख्याच तुरुतुरु चालत असतील, तर त्या औषधाला सरावलेल्या असू शकतात. तेच औषध तिप्पट ओतू नका, डॉक्टर दुसरं देतील. औषध नकोच असेल, तर कंडिशनर आणि फणी दर तीन-चार दिवसांनी किमान दोन आठवडे. वेळखाऊ आहे, पण चिकाटीने केलं तर चालतं.

काय करू नये यात मी कुणाची भीड ठेवत नाही. रॉकेल नको, पेटतं, आणि मुलाच्या नाकातोंडात गेलं तर फुफ्फुसं धरतं. शेतात फवारायचं औषध तर मुळीच नको, ते कातडीतून अंगात भिनतं. सीताफळाच्या बियांची पूड ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून सर्रास लावतात. ती उवांना मारते हे खरं, पण डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा करते. अशा डोळ्यांचे रुग्ण आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवून ठेवलेत. पूड धुताना पाण्याबरोबर डोळ्यांत उतरतेच.

कोंड्याचं त्यामानाने सोपं, पण चिवट. केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा, दोन ते चार आठवडे. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा. झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइडचे शाम्पूही चालतात. फेस आला की लगेच धुऊन टाकणारे बरेच जण ‘काही फरक नाही’ म्हणतात. त्यांना ती पाच मिनिटं आठवण करून द्यावी लागतात. उवा संपवता येतात, कोंडा आटोक्यात ठेवावा लागतो. तो थंडीत, जागरणात, परीक्षेच्या दिवसांत डोकं वर काढतोच.

घर धुण्याचा सोस मात्र आवरा. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, ओढण्या कढत पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, फण्या-कंगवे पाच-दहा मिनिटं गरम पाण्यात बुडवा. गाद्या बाहेर काढणं, घरात फवारा मारणं, मुलीचं डोकं भादरणं, यातलं काही लागत नाही. उवा अस्वच्छ घरातच होतात हाही गैरसमज. स्वच्छ धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच सुखाने राहतात. त्यामुळे मैत्रिणीच्या आईला फोन करून सांगायला लाजू नका. मुलीला शाळेतून घरी बसवायची तर गरजच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचंही हेच म्हणणं आहे.

दुसऱ्या धुण्यानंतर पांढरी टरफलं केसांत महिनोन्‌ महिने दिसत राहतील. पाहुण्यांसमोर ती खटकत असतील तर फणीने काढा किंवा केस थोडे कापा. तिसरी बाटली नको. डोक्यात खाजवून फोड आले, पू धरला, मानेमागे गाठी हाताला लागू लागल्या, किंवा ताप आला, तर मात्र लीख की कोंडा हा वाद बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.